फवारणी पंपाची बॅटरी : आधी ओळख, मग चार्जिंग



बेणे निवड, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे ह्या विषयांवर ह्या पानातून आपण वेळोवेळी बोलत आलो आहोत. आजचा पाठ मात्र उसाचा नाही. शेतावरून घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवल्या जाणाऱ्या आणि सकाळपर्यंत विसरल्या जाणाऱ्या एका वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी.

पूर्वी पितळी हातपंप होता. दांडा हापसून हापसून खांदा भरून यायचा. आता पाठीवर सोळा लिटरची टाकी, तिच्या खाली बॅटरीचा कप्पा, बटण दाबले की फवारा सुरू. सोय झाली ह्यात शंका नाही. पंपाचे एकट्याचेच नव्हे, रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधायचा दिवा, गवत कापायचे यंत्र, मोबाइल, कोणाकडे विजेवरची दुचाकी, असे मोजले तर आज एकेका घरात चार-पाच चार्जिंगच्या बॅटऱ्या निघतील.

बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो. त्याला कडबा किती, पेंड किती, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. बॅटरीला मात्र हाताला लागेल ते खाऊ घालतो. बैलाने नको ते खाल्ले तर त्याचे पोट फुगते. बॅटरीचेही तसेच होते. ती फुगते, आणि कधी कधी पेट घेते.

म्हणून आजच्या पाठात सांगायची गोष्ट एकच : आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखा, त्याच जातीचा चार्जर तिला लावा, आणि तुम्ही जागे व जवळ असतानाच लावा. बाकी सगळे ह्याच्याच पोटात येते.

आमचीच एक चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आमच्या घरचा अनुभव सांगतो. पंपाची जुनी बॅटरी टिकेनाशी झाली, दोन टाक्यांत मोटर रडायला लागली. तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याकडून नवी बॅटरी टाकून घेतली. पंप हातात घेतला तर एकदम हलका. ‘चला, पाठीवरचं ओझं कमी झालं,’ म्हणून आम्ही खूश. चार्जर जुनाच वापरला. पिन बसली, लाल दिवा लागला. लाल दिवा लागला म्हणजे चार्ज होते, एवढेच आमचे ज्ञान.

तिसऱ्या-चौथ्या वेळची गोष्ट. संध्याकाळी कोठीच्या खोलीत युरियाच्या रिकाम्या पोत्यांवर पंप ठेवला, चार्जिंगला लावला आणि झोपलो. शेजारी तणनाशकाच्या बाटल्या, पलीकडे बारदानाची चळत. पहाटे आई पाणी तापवायला उठली. तिला कसलासा गोडसर, उग्र, रंगाच्या दुकानात येतो तसा वास आला. तिने काही न विचारता आधी बोर्डावरचे बटण बंद केले आणि मग आम्हाला हाका मारल्या. बघतो तर बॅटरीच्या कप्प्याचे झाकण आतून रेटल्यासारखे वर आलेले, आणि हात जवळ नेला तरी धग लागत होती. लांब काठीच्या टोकाने पंप ओढत अंगणात आणला.

उजाडल्यावर चार्जरवरची अक्षरे वाचली. त्यावर १४.४ व्होल्ट लिहिले होते. नवी बॅटरी लिथियमची, ११.१ व्होल्टची होती. दुरुस्तीवाल्याने सांगितले नाही हे खरे, पण आम्हीही विचारले नाही. त्या कोठीच्या भिंतीपलीकडे नातवंडे झोपलेली होती. आई जरा उशिरा उठली असती तर काय, हा विचार आजही आमच्या मनातून जात नाही. हा पाठ लिहायला घेतला तो त्यामुळेच.

‘बारा व्होल्ट’ नावाच्या तीन बॅटऱ्या

बॅटरी म्हणजे एकाला एक जोडलेल्या सेलची माळ. प्रत्येक सेलचा दाब तो कशाचा बनला आहे ह्यावर ठरतो. पंपाच्या मोटरला साधारण १२ व्होल्ट लागतात. हे १२ व्होल्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी जमवता येतात, आणि बाजारात तिन्हींना सरसकट ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतात. गोम इथेच आहे. को ८६०३२ आणि फुले २६५ दोन्ही ऊसच, पण त्यांना आपण एकाच मापाने मोजतो का? नाही. तसेच इथेही आहे.

पहिली जात, लेड ॲसिड. म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे पातळ आम्ल. ही सर्वांत जुनी. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते ह्यांनी ती १८५९ साली बनवली. ट्रॅक्टरची बॅटरी ह्याच जातीची. पंपात बसते ती सीलबंद, तिच्यात पाणी घालावे लागत नाही. एका सेलचे २ व्होल्ट, सहा सेलचे १२.

दुसरी जात, साधी लिथियम आयन. मोबाइलमध्ये असते तिचीच बहीण. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका सेलचे ३.६ ते ३.७ व्होल्ट, म्हणून तीन सेलवर ११.१ होतात. आतले सेल बहुधा बोटाएवढ्या नळकांडीसारखे असतात, १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब.

तिसरी जात, लिथियम लोह फॉस्फेट. हीदेखील लिथियमच, पण स्वभावाने शांत. एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार सेलचे १२.८. ती सहजासहजी पेटत नाही, पण अजिबात पेटत नाही असे मात्र समजू नये.

आता ओळखायचे कसे? पहिली खूण वजनाची. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची लेड ॲसिड बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम साधारण एक किलो किंवा त्याहूनही कमी. दुसरी खूण बॅटरीवरच्या अक्षरांची. १२ लिहिले असेल व ‘सीलबंद लेड ॲसिड’ असा शब्द असेल तर पहिली जात. ११.१ किंवा १०.८ असेल तर दुसरी. १२.८ असेल तर तिसरी. तिसरी खूण, म्हणजे खूणच नसणे. निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, वर एकही आकडा किंवा छाप नसलेली बॅटरी कोणी देऊ लागला तर घेऊ नका. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. लिथियमच्या सेलवर व बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ चा उल्लेख आणि नोंदणीची खूण असावी लागते. ती मागून बघा.

चार्जरवरचा आकडा वाचा

चार्जरवर दोन आकडे असतात. एक घेतो किती त्याचा, तो घरच्या विजेचा. दुसरा देतो किती त्याचा. आपल्याला दुसरा वाचायचा आहे.

लेड ॲसिड बॅटरीचा चार्जर भरताना १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत जातो.
तीन सेलच्या साध्या लिथियमचा चार्जर १२.६ व्होल्टवर थांबतो.
चार सेलच्या लिथियम फॉस्फेटचा चार्जर १४.६ व्होल्टवर थांबतो.

पिन तिघांचीही सारखी असू शकते. दिवा तिघांचाही लागतो. फरक फक्त ह्या आकड्यात आहे.

आता हिशेब करा. साध्या लिथियमचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे एक थेंब नको. आमच्यासारखा १४.४ चा चार्जर लावला तर तिघांत वाटून एकेकाला ४.८ व्होल्ट येतात. घागर भरली तरी नळ चालूच, अशातला हा प्रकार. चांगल्या बॅटरीत आत एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी राखणदार म्हणून बसवलेली असते. ती जादा दाब आला की दार बंद करते. पण स्वस्त बॅटरीत हा राखणदार कच्चा असतो, कधी नसतोच. आणि राखणदार आहे म्हणून कोणी दार सताड उघडे टाकून झोपत नाही.

सेलच्या आत दोन बाजूंच्या मध्ये केसाहून पातळ पडदा असतो. जादा भरल्याने, मार बसल्याने किंवा उष्णतेने तो पडदा फाटला, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. त्यातून उष्णता, उष्णतेतून आणखी उष्णता, एका सेलवरून दुसऱ्यावर. उसाच्या फडात एका ठिणगीने काय होते ते आपल्याला सांगायला नको. फरक एवढाच, की हा फड घरात असतो.

लेड ॲसिडचे भय निराळे. ती जादा भरली की आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू होतात. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बंद पेटीत किंवा बंद कपाटात चार्जिंग नको, आणि जवळ विडीही नको.

चार्जरचा अँपिअरचा आकडाही बघावा. ८ अँपिअर-तासाच्या लेड बॅटरीला पाऊण ते दीड-पावणेदोन अँपिअर पुरेत. १.६ अँपिअरचा चार्जर असेल तर ८ भागिले १.६ म्हणजे ५ तास, आणि शेवटचा भाग सावकाश भरतो म्हणून आणखी दोन-तीन तास धरावेत. पाच अँपिअरचा लावून लवकर उरकू म्हणाल तर बॅटरी तापेल आणि आयुष्य उरकेल.

चार्जिंगची रीत

ही रीत पाठ करा आणि घरातल्या सर्वांना सांगा. पंप बहुतेक वेळा मालक नव्हे, तर मुलगा किंवा सून लावते.

१. जागा. फरशी, कोबा किंवा सिमेंटचा कट्टा. पोते, गादी, लाकडी फळी, पाचट, कडबा, बारदान ह्यांवर नको. शक्यतो ओसरीवर, सावलीत, पावसाच्या झडीपासून दूर. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीजवळ, देवघरातल्या समईजवळ, डिझेलच्या कॅनशेजारी नको. गोठ्यातही नको, मुके जनावर दावे तोडून पळू शकत नाही. घराबाहेर पडायच्या एकुलत्या एका दारात तर कधीच नको.

२. वेळ. रात्री लावून झोपू नये. सकाळी लावा, दुपारपर्यंत भरेल. रात्री लावणेच भाग असेल तर निजायच्या आधी बटण बंद करा आणि राहिलेले सकाळी भरा. अर्धी भरलेली बॅटरी परवडते.

३. थंड होऊ द्या. उन्हातून आणलेला पंप लगेच लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवा. हाताला गरम लागते तोवर चार्जिंग नाही.

४. कोरडी करा. फवारणीनंतर टाकी धुताना बॅटरीचा कप्पा व चार्जिंगचे भोक भिजू देऊ नका. भिजलेच तर कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. औषधाचे ओघळ टर्मिनलवर सुकले की गंज धरतो, आणि गंजलेला जोड तापतो. हात धुऊन, कोरडे करूनच पिन लावा.

५. क्रम. आधी पंपाचे बटण बंद. मग चार्जरची पिन पंपात. मग चार्जर बोर्डात. शेवटी बोर्डाचे बटण. काढताना उलट क्रम.

६. तार. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा सॉकेटात आगकाड्या खोचून बसवणे आपण सर्वांनी पाहिले आहे. काहींनी केलेही असेल. आजपासून बंद. प्लगला चार पैसे लागतात, जिवाला मोल नाही.

७. हात लावून बघा. अर्ध्या तासाने बॅटरी आणि चार्जर दोन्ही चाचपा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, वास येत असेल, सूं आवाज येत असेल तर बोर्डाचे बटण बंद करा.

८. हिरवा दिवा लागला की काढा. जुन्या साध्या चार्जरना आपोआप थांबणे माहीत नसते, ते ढकलतच राहतात. तसला चार्जर असेल तर घड्याळ लावून काढा.

शिवारात काळजी कोणती

बॅटरी पार रिकामी करू नका. मोटरचा आवाज उतरला, फवाऱ्याचा पंखा आवळला, की समजावे बॅटरीने हात टेकले. ‘एवढी एक सरी काढू,’ म्हणून ओढू नये.

किती वेळ चालेल ह्याचा अंदाज काढता येतो. ८ अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरने आठ तास. मोटर अडीच अँपिअर ओढत असेल तर कागदावर तीन तासांच्या वर होतात. पण लेड ॲसिडची क्षमता वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते. जोरात ओढली की ती कमी देते. म्हणून दोन-सव्वादोन तासांवर थांबावे. अर्ध्यापर्यंतच वापरून रोज भरलेली लेड बॅटरी, रोज पार रिकामी केलेल्या बॅटरीपेक्षा दुपटीच्या आसपास वेळा चार्ज होते. पैसे वाचवायचा हा सोपा मार्ग आहे.

पंप बांधावर उन्हात टाकून जेवायला बसू नका. आंब्याच्या नाहीतर बाभळीच्या सावलीत ठेवा. मोटरसायकलवर बांधून नेताना पंप आपटू देऊ नका. पडला, मार बसला, तर त्या दिवशी चार्जिंगला लावू नका. दुसऱ्या दिवशी फुगवटा, भेग, गळती बघून मगच ठरवा.

काम नसते त्या महिन्यांत

ऊस कमरेवर-छातीवर आला की पाठीवरचा पंप कोपऱ्यात जातो. तो पुढच्या लागणीपर्यंत तिथेच. सर्वांत जास्त बॅटऱ्या मरतात त्या ह्या काळात, कामाने नव्हे. आणि इथे दोन जातींची रीत एकमेकींच्या अगदी उलट आहे, तेव्हा नीट लक्षात ठेवा.

लेड ॲसिड भरून ठेवावी. रिकामी ठेवली तर शिशाच्या पट्ट्यांवर पांढरे खडे धरतात, मीठ फुटलेल्या जमिनीसारखे. ते खडे एकदा घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत. वापरलेल्या दिवशीच तिला चार्ज करावे, आणि बिनकामाच्या काळात दर दोन महिन्यांनी एकदा पूर्ण भरावी. आम्ही अमावस्येची खूणगाठ ठेवतो. एक अमावस्या सोडून दुसरीला चार्जिंग.

लिथियम अर्धी ठेवावी. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली तर आयुष्य घटते, पार रिकामी ठेवली तर ती खोल उतरून आतून खराब होते. अर्ध्याच्या आसपास भरून, थंड कोरड्या जागी, आणि दर तीन महिन्यांनी एकदा बघावी.

साधा मल्टीमीटर तुमच्या गावात कोणा ना कोणाकडे असतोच. चार्जिंग काढून काही तासांनी मोजा. लेड ॲसिड १२.७ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, ११.९ च्या खाली रिकामी. तीन सेलची लिथियम १२.६ ला भरलेली, ११.२ ते ११.४ च्या आसपास अर्धी. लिथियम फॉस्फेटचा दाब मात्र भरलेली असो की अर्धी, फारसा हलत नाही. तिथे मीटरवर विसंबू नये. पूर्ण भरून घेऊन नेहमीच्या निम्म्या टाक्या मारल्या, की ती अर्धी झाली असे समजावे.

दोन्ही जातींना पत्र्याच्या शेडचा ताप सोसत नाही. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत काय उष्णता होते ते तुम्ही जाणता. बॅटरी काढून घरात खालच्या फडताळात ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही अशी. खिळे, पाने, तारा ठेवतो त्या डब्यात टाकू नका. दोन टोकांना लोखंड लागले की तिथेच जाळ.

बिघाडाची लक्षणे आणि आग

फुगलेली, भेगाळलेली, गळणारी, वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. दाबायची नाही, टोचायची नाही, टेप मारून वापरायची नाही. घराबाहेर, भिंतीपासून दूर, उघड्यावर दगड-मातीवर ठेवावी.

लेड ॲसिडमधले आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान वीस मिनिटे पाण्याची धार सोडा आणि तसेच डॉक्टरांकडे जा. तेल, तूप काही घालू नका.

लिथियम पेटली तर आधी माणसे बाहेर. मग मीटरजवळचा मेन स्विच बंद. वीज चालू असताना पाणी मारू नये. वीज तुटल्यावर आग लहान असेल आणि तुम्ही उघड्यावर असाल, तर लांबून भरपूर पाणी मारा. बादलीभराने भागत नाही, पाइपच लावा. पाणी इथे ज्वाळा विझवण्यापेक्षा बॅटरी गार करण्यासाठी लागते. वाळूने ज्वाळा झाकते, आतली उष्णता जात नाही. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नये. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून एक दिवस तरी ती बाहेरच राहू द्या. आग खोलीत असेल तर शौर्य नको. दार ओढून घ्या, बाहेर पडा, आणि ११२ किंवा १०१ वर कळवा. पंप दुसरा मिळतो.

सभासदांच्या शंका

गटागटांतून फिरताना जे प्रश्न विचारले जातात, त्यांतले काही इथे घेतो.

‘नवी बॅटरी पहिल्यांदा चोवीस तास लावायची ना?’
नाही. लेड ॲसिड पहिल्यांदा पूर्ण भरावी हे बरोबर, पण भरली की काढावी. लिथियमला तर तशी काही गरज नाही.

‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये म्हणतात.’
ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे होते. ती अर्धवट भरण्याची सवय धरायची. लेड ॲसिड आणि लिथियमला तशी सवय लागत नाही. उलट पार उतरवण्यानेच त्या लवकर जातात.

‘ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन तारा जोडून पंपाची चार्ज केली तर?’
करू नका. ट्रॅक्टर चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ती बॅटरी एका झटक्यात शेकडो अँपिअर देऊ शकते. मध्ये रोखणारे कोणी नाही. लिथियमला तर हे आगीचे आमंत्रणच.

‘वर्षभर पडलेली लिथियम बॅटरी चार्जर घेत नाही. दुकानदार शॉक देऊन उठवतो म्हणतो.’
उठवू नका. खूप खोल उतरलेल्या लिथियममध्ये आत तांब्याचे कण सुटलेले असतात. वरून ती उठल्यासारखी वाटते, पण पुढे चार्जिंगला लावल्यावर आतून चिकटून पेटू शकते.

‘लेड काढून लिथियम टाकावी का?’
टाकायला हरकत नाही. हलकी असते, लवकर भरते, जास्त वेळा चार्ज होते. पण तिच्याबरोबर तिचाच चार्जर घ्या आणि जुना चार्जर त्याच दिवशी घरातून काढून टाका. जुना घरात राहिला तर कोणीतरी, कधीतरी, घाईत तो लावणारच. आम्ही लावलाच होता.

मेलेली बॅटरी कोठे द्यावी

उकिरड्यात टाकू नये, पाचटात पेटवू नये, विहिरीत तर मुळीच नाही. शिसे हे विष आहे. काही जण वजनासाठी शिसे काढायला घरीच बॅटरी फोडतात. त्याची धूळ आणि धूर लहान मुलांच्या डोक्यावर, बुद्धीवर परिणाम करतो. दोन पैशांसाठी हे करू नका. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर व आणणाऱ्यांवर आहे. म्हणून नवी घेताना जुनी दुकानात परत द्या. लेड ॲसिडचे तर पैसेही वळते होतात. लिथियम परत देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा.

ह्या आठवड्याचे काम

पाठ वाचून बाजूला ठेवू नका. ह्या आठवड्यात चार कामे करा. एक, घरातल्या प्रत्येक बॅटरीवरचा आणि चार्जरवरचा आकडा वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. दोन, दोघांच्या जोडीला एकाच रंगाची सुतळी किंवा रंगाचा ठिपका लावा, म्हणजे अंधारातही अदलाबदल होणार नाही. तीन, चार्जिंगची जागा ठरवा आणि तिथले पोते-बारदान उचला. चार, रात्री निजायच्या आधी दार लावतो तसे चार्जिंगचे बटण बंद करायचे, हा घरचा नियम करा आणि तो नियम मोडला की टोकायचा अधिकार घरातल्या लहान मुलाला द्या. मुले विसरत नाहीत.

आकडा समजला नाही तर बॅटरी व चार्जर दोन्ही घेऊन आपल्या गट ऑफिसात या. मिळून वाचू. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही विचारले नाही, म्हणून तर हा पाठ लिहावा लागला.

आपला,
शेती विभाग